लेबलचा माग: जुन्या इंडी पॉप आणि पोस्ट-पंक रेकॉर्ड मुंबईतून शोधताना

"जॉय डिव्हिजन ऐकून झालं, स्मिथ्स तोंडपाठ झाले, आता पुढे काय ऐकू?" हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. विचारणारे कधी डोंबिवलीचे असतात, कधी बोरिवलीचे, बहुतेक विशीतले. मी त्यांना बँडची यादी देत नाही. यादी दिली की माणूस ती संपवतो आणि थांबतो. त्यापेक्षा रेकॉर्डच्या मधोमध चिकटवलेला गोल कागद वाचायला शिकवावं, म्हणजे पुढची पंधरा वर्षं कुणाला काही विचारावं लागत नाही. त्या कागदावर गाण्याचं नाव असतं, बँडचं असतं, आणि ज्यांनी ती रेकॉर्ड काढली त्या कंपनीचं, म्हणजे लेबलचं असतं. या संगीतात बँडपेक्षा लेबल जास्त बोलतं, आणि याला कारण आहे.

हे प्रकरण सुरू कसं झालं

बझकॉक्स नावाच्या मँचेस्टरच्या बँडने सुमारे पाचशे पौंड उसने घेतले, डिसेंबर १९७६ मध्ये चार गाणी रेकॉर्ड केली आणि जानेवारी १९७७ मध्ये 'न्यू हॉर्मोन्स' या स्वतःच्याच लेबलवर 'स्पायरल स्क्रॅच' ही ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, काढली. पहिल्या खेपेला हजार प्रती. कुठलं गाणं कितव्या टेकला घेतलं तेसुद्धा पाकिटावर छापलं. दुसऱ्या वर्षी स्क्रिटी पोलिटी या मंडळींनी आणखी पुढची गोष्ट केली. रेकॉर्डिंगला किती लागले, तबकड्या छापायला किती, लेबलच्या कागदाला किती, हा सगळा हिशेब त्यांनी पाकिटावर मांडला. वाचणाऱ्याला कळावं की एवढ्यात होतं, तुम्हीही करा.

आणि लोकांनी केलं. पंकची पहिली लाट ओसरल्यावर जे उरलं त्याला पोस्ट-पंक म्हणतात. त्यात बास पुढे येतो, गिटार टोकदार आणि कमी वाजते, मधे मोकळी जागा सोडलेली असते आणि त्या जागेत जमैकाच्या डबचा, म्हणजे प्रतिध्वनींनी भरलेल्या रेगेचा, वास येतो. ऐंशीच्या दशकात याचंच एक मऊ, लाजरं भावंड जन्माला आलं, ते इंडी पॉप. किणकिणणारी गिटार, न कमावलेला आवाज आणि बसस्टॉपवरच्या, सुट्टीच्या दिवसाच्या, न पाठवलेल्या पत्रांच्या गोष्टी.

मराठी वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये. साठच्या दशकात याच मुंबईत 'शब्द', 'असो', 'वाचा' अशी अनियतकालिकं निघत होती. दोन-चार माणसं, खिशातले पैसे, मोजक्या प्रती. कुठल्याही अंकात कोण लिहितंय हे माहीत नसलं तरी अंक कुणाचा आहे यावरून आत काय असेल याचा अंदाज यायचा. छोटं लेबल अगदी तसंच असतं. त्यामागे एक-दोन माणसांची आवड असते, आणि ती आवड तुमच्याशी जुळली की त्यांनी काढलेलं जवळजवळ सगळं तुम्हाला ऐकावंसं वाटतं.

पहिली पायरी: एकच लेबल धरा

माझं स्वतःचं सुरुवातीचं लेबल होतं ब्रिस्टलचं 'सारा रेकॉर्ड्स', आणि नवख्या माणसाला मी आजही तेच सुचवतो. क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स या दोघांनी ते १९८७ मध्ये सुरू केलं आणि ऑगस्ट १९९५ मध्ये, शंभरावा क्रमांक निघाल्यावर, ठरवून बंद केलं. सारा १ ते सारा १००. सुरुवात आहे, शेवट आहे, मधे गाळलेलं काही नाही. पहिला क्रमांक 'द सी अर्चिन्स'चा. पुढे 'द फील्ड माइस', 'द ऑर्किड्स', 'हेवन्ली', 'अनदर सनी डे'. पन्नासावा क्रमांक रेकॉर्डच नाही, तो ब्रिस्टल शहरावरचा पटावरचा खेळ आहे. त्यांच्या संग्रहांची नावं ब्रिस्टलच्या गल्ल्यांची आणि जागांची. शेवटच्या संग्रहाचं नाव 'देअर अँड बॅक अगेन लेन', आणि त्या नावाची गल्ली तिथे खरोखर आहे. आपल्याकडे कुणी गाण्यांच्या संग्रहाला 'खोताची वाडी' किंवा 'फणसवाडी' नाव द्यावं, तसं. मी गिरगावात वाढलो. जिथे राहतो त्या गल्लीवर एवढा जीव लावणारी माणसं मला ब्रिस्टलमध्ये भेटली, तेव्हाच ती माझी झाली.

करायचं एवढंच. एक वही घ्या, १ ते १०० आकडे घाला, आणि क्रमाने ऐकत जा. आठवड्याला तीन. आवडलं तर खूण, नाही आवडलं तर का नाही ते अर्ध्या ओळीत. उडी मारू नका. सातव्या आठवड्याला तुम्हाला बँडची नावं न बघता ओळखू येऊ लागतील.

साराचा गोडवा मानवत नसेल तर मँचेस्टरचं 'फॅक्टरी' घ्या. १९७८ चं. यांनी क्रमांक सगळ्यालाच दिले. फॅक १ हे एक पोस्टर, फॅक ५१ हा हासिएंदा नावाचा क्लब, आणि त्या क्लबमधल्या मांजरालासुद्धा फॅक १९१. जॉय डिव्हिजनचा पहिला एलपी, म्हणजे पूर्ण लांबीची रेकॉर्ड, १९७९ चा 'अननोन प्लेझर्स', हा फॅक्ट १०. ज्यांच्या अंगावर त्याच्या मुखपृष्ठाचा टी-शर्ट आहे त्यांनी त्याच्या आधीचे आणि नंतरचे क्रमांक ऐकले तर केवढं मोठं घर उघडतं! ग्लासगोचं 'पोस्टकार्ड' हे त्याहून लहान, १९८०-८१ मध्येच आटोपलेलं. ऑरेंज ज्यूस, जोसेफ के, अ‍ॅझ्टेक कॅमेरा. एका रविवारी ऐकून होतं. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चचं 'फ्लाइंग नन' १९८१ चं. 'द क्लीन' आणि 'द चिल्स' याच लेबलचे. समुद्रकाठच्या गावात राहणाऱ्याला ती गिटार लगेच ओळखीची वाटेल.

दुसरी पायरी: कान तयार करा

आपले कान हिंदी सिनेमाच्या भरगच्च वाद्यवृंदावर आणि भावगीतांच्या घोटीव गळ्यांवर पोसलेले. त्यामुळे पहिल्यांदा हे संगीत अपुरं वाटतं. आवाज सुरापासून जरा बाजूला, ड्रम पत्र्यासारखे, रेकॉर्डिंग कोरडं. हा दोष समजून बंद करू नका. कार्डिफच्या यंग मार्बल जायंट्सचा १९८० चा 'कोलॉसल यूथ' घ्या. ड्रमर नाही. घरी बनवलेल्या यंत्राचा ठेका, एक गिटार, एक बास, मधूनच ऑर्गन आणि अ‍ॅलिसन स्टॅटनचा आवाज, शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय म्हणून हळू गावं तसा. तो लोकलमध्ये ऐकू नका. कुर्ल्याच्या पुढे काही ऐकूच येणार नाही, कारण त्यातलं अर्धं संगीत शांततेचं आहे. रात्री घरचे झोपल्यावर, पंखा मंद करून ऐका. मी तो पहिल्यांदा असा ऐकला तेव्हा दुसऱ्या दिवशी कामावर जाताना डोक्यात फक्त बास होता.

ऐकायला मिळतं कुठे, हा प्रश्न आता राहिलेला नाही. बँडकॅम्प या संकेतस्थळावर अनेक जुन्या लेबलांनी आपला साठा स्वतः चढवला आहे, उरलेलं यूट्यूबवर सापडतं. संग्रहांपासून सुरुवात सोपी. 'चेरी रेड'चा १९८२ चा 'पिलोज अँड प्रेअर्स', जो त्यांनी ९९ पेन्सला विकला, आणि १९८६ ची बावीस गाण्यांची 'सी८६' ही कॅसेट. आवडलेल्या गाण्याचं लेबल वहीत टिपा, की परत पहिली पायरी.

तिसरी पायरी: बारीक अक्षरं वाचा

काही वर्षांपूर्वी वांद्र्याला एका जुन्या बंगल्यातलं सामान निघत होतं. ख्रिसमसच्या गाण्यांच्या आणि जिम रीव्ह्जच्या गठ्ठ्यात मला ब्लमाँज या जोडीचा १९८२ चा 'हॅपी फॅमिलीज' मिळाला. त्यातलं 'लिव्हिंग ऑन द सीलिंग' लावलं आणि सिंथेसायझरच्या मागे चक्क तबला आणि सतार. वाजवणारे कोण? पंडित दिनेश आणि दीपक खजांची. मी बँड सोडला आणि तबल्याच्या मागे गेलो. तिथून पोचलो वेस्ट इंडिया कंपनीकडे. ब्लमाँजच्या स्टीफन लुसकॉम्बने पंडित दिनेश यांच्यासोबत उभा केलेला हा गट, आणि १९८४ च्या त्यांच्या 'आवे मारिया'वर गायल्या आहेत आशा भोसले! आशाताईंची गाणी लहानपणापासून घरात वाजत होती आणि त्यांचं हे गाणं माझ्यापर्यंत लंडनच्या वाटेने आलं.

मग उलटाही गेलो. ब्लमाँजची पहिली रेकॉर्ड १९८० ची 'आयरीन अँड मेव्हिस', स्वतःच काढलेली, म्हणजे पुन्हा ती बझकॉक्सचीच वाट. आणि आशाताईंचा धागा पुढे ओढला की येतो कॉर्नरशॉप हा बँड आणि त्यांचं १९९७ चं 'ब्रिमफुल ऑफ आशा', जे पुढच्या फेब्रुवारीत रीमिक्स होऊन ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. ते 'विजा' या छोट्या लेबलचं, आणि विजा हे नाव लंडनच्या रफ ट्रेड दुकानाच्या पिनकोडवरून पडलेलं. रफ ट्रेड हे १९७६ मध्ये सुरू झालेलं दुकान, १९७८ पासून लेबलसुद्धा. यंग मार्बल जायंट्सचा तो एलपी त्यांनीच काढला होता.

एका पाकिटावरून एवढं निघतं. म्हणून वाजवणारे, रेकॉर्ड करणारे, चित्र काढणारे, आभार मानलेले, सगळे वाचा.

चौथी पायरी: बाजार

स्पष्ट सांगतो. साराची मूळ सात इंची रेकॉर्ड मुंबईच्या फुटपाथवर मिळेल या आशेवर बसू नका. मोठ्या कंपन्यांच्या इंग्रजी रेकॉर्ड भारतात छापल्या जायच्या, एचएमव्हीच्या तर डमडमच्या कारखान्यात. छोट्या लेबलांचा इथे कुणी वाली नव्हता. त्यांचं जे काही आलं ते जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या, विमान कंपन्यांत असणाऱ्यांच्या, शिकायला गेलेल्यांच्या बॅगेतून. म्हणून ते बाजारात कमी आणि घरांत जास्त सापडतं. वांदरे, माहीम, ऑर्लेम, कुलाबा इथल्या जुन्या घरांतलं सामान निघतं तेव्हा. आपल्या भागातल्या रद्दीवाल्याला सांगून ठेवा की रेकॉर्ड आल्या तर फोन कर, इंग्रजी असल्या तर आधी मला. माझ्या तीन चांगल्या रेकॉर्ड अशा फोनवरून आल्या.

तरी चोरबाजारात जायचंच. ग्रँट रोडला पूर्वेला उतरून चालत मटन स्ट्रीट. शुक्रवारी दुकानं बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. दुकानात शिरलात की चाचा विचारणार, "इंग्लिश में क्या चाहिए? बोनी एम है, अ‍ॅबा है." नावं सांगत बसू नका. "जो नहीं बिकता वो दिखाओ," असं म्हणा. न विकल्या जाणाऱ्या गठ्ठ्यातच आपलं काम असतं.

याला पुरावा मुंबईचाच आहे. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग वाजवले, 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'. एचएमव्हीने काढलेली ही रेकॉर्ड कुणी विचारली नाही. २००२ मध्ये दिल्लीत ती एका डच संग्राहकाच्या हाती लागली, २०१० मध्ये पुन्हा छापली गेली आणि जगभर लोक थक्क झाले. ती पोस्ट-पंक नाही, पण वीस वर्षं ती अशाच कुठल्यातरी गठ्ठ्यात पडून होती.

काळाघोड्याचं ऱ्हिदम हाउस फेब्रुवारी २०१६ मध्ये बंद झालं. नव्या आणि पुन्हा छापलेल्या रेकॉर्डसाठी माहीमचं रिव्हॉल्व्हर क्लब आहे. तिथे गप्पा मारायला लाजू नका.

रेकॉर्ड हातात आली की ती कडेने धरा, उन्हाकडे किंवा मोबाइलच्या टॉर्चकडे तिरकी करा. नखाला लागणारा ओरखडा आवाजात ठकठक करणार, नुसता दिसणारा बहुतेक वेळा नाही. डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून वाकलीय का बघा. मग गाणी संपतात तिथून लेबलपर्यंतची गुळगुळीत पट्टी वाचा. तिथे हाताने किंवा यंत्राने कोरलेली अक्षरं असतात. हा साचा क्रमांक. डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर एकाच रेकॉर्डच्या वेगवेगळ्या छपायांची वेगवेगळी नोंद असते, आणि हा क्रमांक टाकला की तुमच्या हातात पहिली छपाई आहे की तिसरी ते कळतं. कधी या पट्टीवर निरोपही असतो. 'अ पॉर्की प्राइम कट' असं कोरलेलं दिसलं तर ती लंडनच्या जॉर्ज पेकहॅम या कारागिराने कापलेली, म्हणजे मूळ तबकडीवरच्या खाचा त्याने कोरलेल्या. मला पहिल्यांदा ती अक्षरं दिसली तेव्हा मी मटन स्ट्रीटवर कडक उन्हात दहा मिनिटं तसाच उभा होतो.

भाव ठरवताना डिस्कॉग्जवरच्या किमतीचा आकडा दुकानदाराला दाखवू नका. तो आकडा चांगल्या प्रतीचा असतो, आणि हातातली तशी क्वचितच असते.

बाहेरून मागवताना

सात इंची रेकॉर्डचं वजन साधारण चाळीस ग्रॅम, एलपी पाकिटासकट पाव किलोच्या आसपास. त्यामुळे एक एलपी मागवण्यापेक्षा एकाच विक्रेत्याकडून सहा-सात छोट्या रेकॉर्ड मागवणं परवडतं, आणि इंडी पॉपचा जीव तसाही सात इंचांतच आहे. सीमाशुल्क धरूनच हिशेब करा. बिलाची प्रत आणि ओळखपत्र तयार ठेवा, कारण पार्सल बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात तपासणीला थांबू शकतं. विक्रेत्याला एक गोष्ट लेखी कळवा: रेकॉर्ड पाकिटाच्या बाहेर काढून, पाकिटाच्या मागे ठेवून पाठवा. आत ठेवली तर प्रवासातल्या धक्क्यांनी ती पाकिटाची कड फाडते. माझं एक पाकीट असंच उसवून आलं, आणि ते साराचं होतं.

वाजवायचं कशावर

घरात आजोबांचा एचएमव्ही फिएस्टा असेल तर तो जपा, पण तुमच्या रेकॉर्ड त्यावर वाजवू नका. त्याची सुई जड आणि बहुधा झिजलेली असते, खाचा खरवडते. सूटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअरही त्याच जातीचे. सुईचं वजन दीड-दोन ग्रॅमवर आणता येईल असा टर्नटेबल घ्या. पैसे कमी असतील तर वर्षभर थांबून घ्या, तोवर फोनवर ऐका. आणि सात इंचीचा वेग तपासा, बहुतेक मिनिटाला ४५ फेऱ्यांवर असतात.

पावसाळा

मुंबईत रेकॉर्डचा खरा शत्रू जुलै आहे. पांढरे ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की ती बुरशी. कोरड्या फडक्याने पुसू नका, ती खाचांत आणखी घट्ट बसते.

मी करतो ते असं. पेट्रोल पंपावर बॅटरीत घालायला मिळतं ते डिस्टिल्ड पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, आणि रंगकामाचा मऊ, रुंद ब्रश. एलपीचं लेबल साधारण दहा सेंटिमीटर रुंद असतं. त्याहून किंचित मोठं डब्याचं झाकण त्यावर पालथं घट्ट धरायचं, म्हणजे कागद भिजत नाही. ब्रश खाचांच्या दिशेनेच, गोल फिरवायचा. आडवा कधीही नाही. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवायचं आणि भांड्यांच्या स्टँडमध्ये ताटासारखी उभी करायची. उन्हात ठेवायची नाही. रात्रभरात वाळते. जुनं आतलं कागदी पाकीट फेकून द्या, बुरशी त्यातच बसलेली असते. स्पिरिट वापरणारेही आहेत, पण घरात ७८ च्या जुन्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना स्पिरिट लावू नका, लाख विरघळते.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, ओल तिथूनच येते. रेकॉर्ड उभ्या ठेवा, खणात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि प्लास्टिकच्या कव्हरचं तोंड उघडं राहू द्या.

शेवटची पायरी आपल्याच घरात

लेबलांचे माग काढायची सवय लागली की ती इकडेही वापरा. पेंटाग्राम या मुंबईच्या बँडची 'वुई आर नॉट लिसनिंग' १९९६ ची. त्या काळातल्या आणि त्यानंतरच्या कितीतरी मुंबईकर बँडची गाणी कॅसेटवर आणि घरी 'बर्न' केलेल्या सीडींवर आहेत, आणि त्या सीडी आता वाचता येईनाशा होत चालल्या आहेत. जो मामा किंवा मावशी कॉलेजात असताना रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव बघायला जायची, त्यांच्या ड्रॉवरमध्ये बघा. कॅसेट सापडली तर लगेच लावू नका. आधी पेन्सिलीने रीळ हलकेच फिरवून बघा, चिकटलेलं असेल तर जाणकाराकडे न्या. टेप मोकळी फिरत असेल तर एका बैठकीत, न थांबवता, संगणकावर उतरवून घ्या, दोन्ही बाजू. आतल्या कागदाचे फोटो काढा. फाइलच्या नावात वर्ष, बँड, आणि ती कॅसेट कुणाच्या घरून आली ते लिहा.